दोन बोटं लांब वेणी

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की सुरुवातीला मी खरं सांगायचे. "डिफरन्शियल पेअर केबलचं शील्ड किती काम करतं ते मोजते." यावर समोरचा माणूस पाण्याचा ग्लास उचलायचा किंवा मुलांच्या शाळेचा विषय काढायचा. मग मी उत्तर सोपं केलं. "वायरी तपासते." त्याचा परिणाम आणखी वाईट झाला. लोकांनी माझ्याकडे तपासायला आणलेल्या वस्तूंची मी यादी ठेवली आहे, कारण मी सगळ्याचीच यादी ठेवते. तिच्यात सहा मिक्सर आहेत, दोन गिझर, लग्नातल्या लाइटच्या माळा, एक मासे मारायचा पिंजरा (का, ते मला आजही कळलेलं नाही) आणि निमगाव साव्याच्या एका आजोबांचं कानाचं यंत्र. कानाचं यंत्र तेवढं दुरुस्त झालं. सेल उलटा बसवला होता.

आमचा कारखाना नारायणगावाहून जुन्नरकडे जाताना लागतो. जागा पूर्वी द्राक्षांच्या पॅकिंगची होती. माझी टेस्टिंगची खोली म्हणजे तिथलं जुनं कोल्डरूम. भिंतींना आतबाहेर पत्रा, दाराला जड कडी. दार लावलं की मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे इतरांना ती खोली आवडत नाही आणि मला फार आवडते.

ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वायरीतून इशारा, म्हणजे सिग्नल, पाठवला की वाटेत तो बिघडतो, कारण हवेत नुसती हवा नसते. मोबाइल, वेल्डिंग, मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह, मोटरसायकलच्या प्लगची ठिणगी, सगळे तिथे एकाच वेळी बोलत असतात. यावर युक्ती अशी की एका इशाऱ्यासाठी दोन तारा घ्यायच्या, एकमेकींभोवती पिळायच्या, आणि एकीवरून जे पाठवायचं त्याच्या बरोबर उलट दुसरीवरून पाठवायचं. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक बघतं. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, म्हणून फरकात तो उरत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसं. पण धूळ कधी अगदी सारखी पडत नाही. म्हणून त्या जोडीवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची आणि तिच्यावर बारीक तांब्याच्या तारांची विणलेली जाळी चढवायची. हे शील्ड. ते किती अडवतं हे मोजणं हे माझं काम.

मोजायची रीत उलटी आहे. बाहेर गोंगाट करून आत किती शिरला ते बघण्याऐवजी मी आत गोंगाट करते आणि बाहेर किती गळला ते ऐकते. ज्या फटीतून आत येतं त्याच फटीतून तेवढंच बाहेर जातं. केबलचा तुकडा तांब्याच्या नळीत घालायचा, दोन्ही टोकांची जाळी पितळी कडीत सगळीकडून आवळायची, जोडीत इशारा सोडायचा आणि नळीत काय उतरलं ते यंत्रावर वाचायचं. आकडा डेसिबलमध्ये येतो. वीस म्हणजे दहावा भाग गळला, चाळीस म्हणजे शंभरावा, साठ म्हणजे हजारावा. आमची केबल साठच्या वर गेली की मी सही करते. खाली राहिली की सही करत नाही, आणि मग आमचे शेठ दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

शेठ माणूस चांगला आहे, पण नियम दुसऱ्यांसाठी असतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. माझ्या खोलीबाहेर एक पत्र्याचा डबा आहे, आत येणाऱ्याने फोन बंद करून त्यात टाकायचा. एकदा एक चांगली केबल दोन दिवस नापास होत राहिली. मी कड्या बदलल्या, नळी घासली, यंत्राशी भांडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की केबल फक्त शेठ उभे असताना नापास होते. त्यांनी डब्यात फोन टाकला होता हे खरं. पण त्यांच्याकडे दोन होते. दुसरा रेंज शोधत आतल्या खिशात जोरजोरात हाका मारत होता.

"तो बंदच असतो," शेठ म्हणाले.

"मग आत्ता दार उघडताच वाजला तो कोण?"

त्यानंतर दोन दिवस ते बोलले नाहीत.

तर, ज्या प्रकरणाबद्दल लिहायचं ठरवलंय ते एका बुधवारी टोमॅटोच्या क्रेटपासून सुरू झालं. नारायणगावातले टोमॅटोचे व्यापारी हनीफभाई तो क्रेट स्वतः उचलून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर, नुकत्याच लिहिलेल्या रिपोर्टवर ठेवला.

"म्याडम, ह्यातला एक तरी टमाटा हिरवा हाय का दाखवा."

मी खालपर्यंत हात घालून बघितलं. सगळे लालभडक होते.

"तुमच्या वायरीला हिरवे दिसले."

"वायरीला दिसत नाही, हनीफभाई. दिसतं कॅमेऱ्याला. वायर फक्त सांगते."

"मग खोटं सांगती."

हनीफभाईंनी त्या हंगामात मंचरहून टोमॅटो निवडायचं मशीन घेतलं होतं. पट्ट्यावरून टोमॅटो जातात, वरून कॅमेरा बघतो, आणि हिरवा आला की एक छोटा हात त्याला बाजूला ढकलतो. कॅमेऱ्यापासून मशीनच्या पेटीपर्यंतची केबल आमची. पंधरा दिवसांपासून मशीनला झटके येत होते. मध्येच काही सेकंद ते लाल टोमॅटो हिरव्यात फेकायचं आणि पुन्हा शहाण्यासारखं वागायचं. मंचरची माणसं येऊन गेली, त्यांनी कॅमेरा पुसला आणि दोष केबलचा आहे असं सांगून निघून गेली.

"जाडी वायर द्या," हनीफभाई म्हणाले. "शील्डवर शील्ड चढवा. कंजूशी करू नका राव."

"जाडीवर नसतं ते. तुमचा फोन द्या."

आमच्याकडे डाळीचा एक कुकर असतो. बाहेर ऑफिसात मी त्यांचा फोन कुकरमध्ये ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. कुकर वाजू लागला. हनीफभाई वाकून कुकरकडे बघत राहिले.

"एवढं जाड भांडं," मी म्हटलं, "पण झाकणाखाली रबराची रिंग. म्हणजे सगळीकडून एक बारीक फट. आता हे बघा." डब्यातल्या पोळ्यांची पातळ फॉइल काढून मी फोन तिच्यात गुंडाळला आणि कडा तीनदा दुमडून दाबल्या. फोन लागेना. "कागदाहून पातळ आहे. पण फट नाही. शील्डमध्ये धातू किती याला फार महत्त्व नसतं, जोड कसा आहे याला असतं."

हे वाक्य मी आजवर बऱ्याच पाहुण्यांना ऐकवलं आहे आणि दर वेळी स्वतःवर खूश झाले आहे. हनीफभाई तर टोमॅटो विसरले. "हा कागुद जरा द्या," ते म्हणाले. "बशीरचा फोन गुंडाळून ठिवतो. मेहुणा हाय माझा. दिवसभर बोलत असतो."

ते गेल्यावर मी त्यांच्या केबलचा रिपोर्ट काढला. बासष्ट. सही माझी. रिपोर्टात दोष नव्हता, म्हणजे दोष केबलच्या टोकांना जिथे कनेक्टर बसवतात तिथे असणार. तेवढ्यात शेठ दारात आले, एक फोन डब्यात टाकून.

"सुनीताताई, मंचरवाले शनिवारी येतायत. आठ मशीनच्या केबल परत करू म्हणतायत. निदान कुणाची चूक ते सांगा, त्या माणसाला बाजूला करा, मग बघू म्हणाले. लेबल बघा आणि नाव द्या."

प्रत्येक कनेक्टरवर तो बांधणाऱ्याचं अक्षर असलेलं लेबल लावायची पद्धत मीच सुरू केली होती. फार अभिमान होता मला तिचा. हनीफभाईंच्या केबलवर अक्षर होतं 'श'.

श म्हणजे शकीला. जुन्नरहून रोज जीपने येणारी, चोवीस वर्षांची, कनेक्टर बांधणाऱ्या चौघींत सगळ्यात नवी आणि सगळ्यात सफाईदार. तिचे अब्बा गळक्या भांड्यांना डाग द्यायचे. प्लास्टिकच्या बादल्यांनी तो धंदा संपवला, पण सोल्डरचा हात मुलीकडे आला. तिचा सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ त्या आठवड्यात संपत होता. मंचरवाले येणार शनिवारी, शकीला कायम होणार सोमवारी. शनिवारी तिचं नाव गेलं असतं तर सोमवारी तिने घरीच राहायचं होतं, आणि घरी तिची वाट बघत तिच्या काकूंचं पिको-फॉलचं दुकान उभं होतं. त्या दुकानाबद्दल ती एकदा म्हणाली होती, "ताई, तिथं साडीची किनार सरळ असती. माझं डोकं वाकडं होतं."

मी तिला बोलावून सांगितलं. तिने हातातली सोल्डरगन जागेवर ठेवली.

"माझी चूक असेल तर मला दाखवा," ती म्हणाली. "नुसतं अक्षर बघून नाव देऊ नका."

गुरुवारी सकाळी आठला मी वही, पोळीचा डबा आणि एक स्टूल घेऊन हनीफभाईंच्या शेडमध्ये जाऊन बसले. वहीत तीन रकाने पाडले: वेळ, मशीनने काय केलं, त्या वेळी आसपास काय चाललं होतं. कंटाळवाणी पद्धत आहे. पण दोष माणसासारखाच असतो, त्याच्याही सवयी असतात, आणि बसून राहिलं की त्या दिसतात.

पट्ट्याच्या शेवटाला, जिथे फेकलेले टोमॅटो पडतात, तिथे तीन बाया बसून पुन्हा हाताने निवडत होत्या. त्यांतल्या वयाने मोठ्या ठकूबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"बाई, काय लिवताय?"

"मशीन कधी बिघडतं ते लिहितेय."

"आन मग?"

"मग का बिघडतं ते कळेल."

"शाळंतच हायेत अजून," ठकूबाई शेजारणीला म्हणाल्या.

आठ एक्केचाळीस, लाल टोमॅटो बाहेर, सात सेकंद, शेजारचं वेल्डिंग बंद. नऊ पाच, पुन्हा, चार सेकंद, टेम्पो आत येतोय. नऊ सतरा, पुन्हा, टेम्पो नाही, कुत्रं आलंय. मी कुत्रंही लिहिलं. दहापर्यंत अकरा झटके झाले आणि वेल्डिंग, टेम्पो, पट्ट्याची मोटार, कुत्रं यांपैकी कुणावरही आरोप ठेवता येईना. मी वहीत डोकं घालून बसलेली बघून शेवटी ठकूबाईंना दया आली.

"ओ बाई. बशीर बोलला का मशीन येडं व्हतं."

"काय?"

"त्यो बशीर. हातात डबडं घिऊन फिरतो न्हवं. हितं येऊन बोलला का टमाटी उडत्यात. तिकडं गेटापाशी बोलला तर काय व्हत न्हाई."

मी वही बघितली. तिसऱ्या रकान्यात बशीर कुठेच नव्हता. तो इतका सारखा येत-जात होता की मी त्याला भिंतीसारखा धरला होता.

"तुम्ही हे मंचरच्या माणसांना का नाही सांगितलं?"

"आमाला इचारलं कुनी? पोरं आली, शर्टं खोचून मशीनचं झाकान उघडून बसली. आमी टमाटी उचलत व्हतो." त्यांनी एक लाल टोमॅटो माझ्यासमोर धरला. "आन खरं सांगू का, मशीन लईच शानं निघालं आस्तं तर आमचं हितं काय काम व्हतं?"

हे मी वहीत लिहिलं नाही.

हनीफभाईंचा मेहुणा बशीर गेटवरच्या टेम्पोंना आत सोडायचं काम करत असे आणि त्यासाठी त्याच्या हातात वॉकी-टॉकी होता, चांगला दणकट. मी त्याला कॅमेऱ्याच्या केबलजवळ उभं केलं आणि सांगितलं, "बटण दाबून बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

दिवसभर बोलणाऱ्या त्या माणसाने हनीफभाईंकडे बघितलं, बायांकडे बघितलं, घसा साफ केला.

"हॅलो. मी बशीर."

पट्ट्यावरचे चार लाल टोमॅटो टणाटण उडून हिरव्यांत पडले. गेटवरून उत्तर आलं, "मालूम आहे."

"पुन्हा," मी म्हटलं.

"मी बशीर."

टोमॅटो उडाले. "अरे मालूम आहे," गेट म्हणालं.

बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. हनीफभाईंनी मेहुण्याच्या हातातलं डबडं असं काढून घेतलं जणू त्यात पंधरा दिवसांचे सगळे टोमॅटो भरलेत. बशीरचा चेहरा पडला. "मी काय केलं? मी गाड्या सोडतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याची खरंच काही चूक नव्हती. त्याच्यासारखे हजार बशीर हवेत बोलत असतात, त्यांना आत येऊ न देणं हे केबलचं काम.

मशीन बंद करून मी कनेक्टर उघडला.

आत शकीलाचं काम होतं. इतकं सुंदर की मी क्षणभर का आले ते विसरले. केबलच्या टोकाशी जाळी सोडवून, तिच्या सगळ्या तारा एकत्र करून तिने त्यांची वेणी पिळली होती. बरोबर दोन बोटं लांब, एकसारखी, वर पिवळी स्लीव्ह, आणि टोक एका पिनेला मण्यासारख्या सोल्डरने जोडलेलं. आणि त्या दोन बोटांच्या लांबीत जोडीच्या दोन्ही तारा उघड्या होत्या. त्यांच्याभोवती फॉइल नाही, जाळी नाही, नुसतं प्लास्टिक. सगळीकडून बंद केलेलं भांडं, आणि तोंडाशी दोन बोटं फट.

मी टेस्टिंग करायचे ते केबलचं. माझ्या पितळी कडीत जाळी चहूबाजूंनी आवळलेली असायची, म्हणून तिथे सगळं बासष्टच येणार. कनेक्टर लावलेली केबल मी कधी नळीत घातलीच नव्हती.

आणि वेणी? ती कारखान्यात मीच आणली. जुन्या, हळू चालणाऱ्या मशीनच्या केबलना ती चालायची, दिसायला नेटकी दिसायची, म्हणून बांधणीच्या सूचनांच्या कागदावर सातव्या क्रमांकाला मी माझ्या हाताने लिहिलं होतं: 'जाळीच्या तारांची वेणी दोन बोटं लांब, घट्ट व डौलदार असावी.' कॅमेऱ्याच्या केबल आल्या, इशाऱ्यांचा वेग शेकडो पटींनी वाढला, कागद तोच राहिला. शकीलाने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं. "ताई, एकाच जागी का जोडायचं? अब्बा डाग सगळीकडून फिरवतात. एकाच जागी दिला तर पाणी गळतं." मी घाईत होते. मी म्हटलं होतं, "इथे पाणी नाही."

मी डब्यातून पोळ्यांची फॉइल काढली, उघड्या भागावर जाळीपासून कनेक्टरच्या धातूपर्यंत घट्ट गुंडाळली, आणि हनीफभाईंकडे ठिबकच्या नळीची एक क्लिप मागून ती वरून आवळली. मशीन सुरू केलं. बशीरला डबडं परत मिळालं.

"मी बशीर."

टोमॅटो निमूटपणे पुढे गेले. तो पट्ट्याला चिकटून तीनदा बोलला. गेटने उत्तर देणं सोडून दिलं होतं.

"म्हणजे बांधणारीची चूक," हनीफभाई म्हणाले.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यात शेठचा फोन आला आणि त्यांनीही तेच विचारलं. "कनेक्टरमध्ये निघालं ना? मग झालं. लेबल कुणाचं?" या प्रश्नाचं उत्तर एका अक्षराचं होतं आणि ते अक्षर खरं होतं. कनेक्टर तिनेच बांधला होता. माझ्या रिपोर्टवर डाग नाही, सही शाबूत, कारखान्याचं काम चालू. मी म्हटलं, "उद्या मोजून सांगते."

निघण्याआधी मी पलीकडचं टोक, मशीनच्या पेटीतलं, उघडून बघितलं. ते मंचरवाल्यांनी स्वतः जोडलं होतं. तिथेही वेणी होती, तीन बोटांची आणि मुळीच डौलदार नव्हे. मी तिचा फोटो काढून ठेवला. यादीत असू द्यावा म्हणून.

शुक्रवारी मी शकीलाला माझ्या खोलीत बोलावलं आणि कनेक्टरसकट केबल नळीत घातली. दोन टोकांसाठी नवीन कड्या बनवायला दुपार झाली. आकडा आला बावीस. म्हणजे जवळपास दहावा भाग सरळ बाहेर. मग तिला म्हटलं, "आता तुझ्या अब्बांच्या पद्धतीने बांध." तिने जाळी मागे उलटवली, पितळेची एक पट्टी वाकवून तिची चकती केली आणि जाळी तिच्यावर गोल फिरवून डाग दिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत हात न उचलता. आकडा आला एकसष्ट.

मी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले.

"मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं," शकीला म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, इथे पाणी नाही."

"हो."

"मी लिहून ठेवलंय. वार, वेळ घालून. तुमचं बघून मी पण वही ठेवायला लागले."

मला घाम फुटला, कोल्डरूममध्ये. "शेठना दाखवणार होतीस?"

"उद्या साडेनऊपर्यंत तुमची वाट बघणार होते," ती शांतपणे म्हणाली. "मंचरवाले दहाला येणारेत."

मी शनिवारी नऊला शेठच्या केबिनमध्ये गेले. हे मी माझा मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिच्याकडे वही नसती तरी मी गेले असते असं मला वाटतं, पण शपथेवर सांगायची वेळ आली तर मी थोडा विचार करेन. गुरुवारी फोनवर 'उद्या सांगते' म्हणताना मला नक्की काय सांगायचं होतं, हे मला आजही नीट ठरवता आलेलं नाही.

शेठनी सूचनांचा कागद वाचला. सातव्या क्रमांकापाशी ते थांबले.

"डौलदार?" ते म्हणाले.

"हो."

"केबलला डौल कशाला लागतो?"

मी पेन काढून तो शब्द खोडला.

"मग मंचरवाल्यांना नाव कुणाचं सांगू?"

"माझं. कागद माझा, सही माझी. मी लिहिलं तसंच तिने बांधलं, आणि विचारलंही होतं."

दहाला मंचरचे साहेब आले, बरोबर एक तरुण इंजिनिअर, शर्ट खोचलेला. मी त्यांच्यासमोर दोन्ही आकडे ठेवले, बावीस आणि एकसष्ट, आणि चूक माझी हे सांगितलं. साहेबांचा आवाज चढायला लागला. सही करणाऱ्या माणसालाच कळत नसेल तर, वगैरे. ते बोलत होते तोपर्यंत मी ऐकून घेतलं, कारण ते बरोबर होतं. मग मी फोनवरचा फोटो टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या पेटीतलं टोक. आमची दोन बोटं आहे, ही तीन."

इंजिनिअरने फोटो मोठा करून बघितला, मग लहान केला, मग छताकडे बघितलं. साहेबांचा आवाज जिथे चढला होता तिथून पायरी पायरीने खाली आला. आठ मशीनची दोन्ही टोकं बदलायची ठरलं, आमची आम्ही, त्यांची त्यांनी. बाजूला कुणाला करायचं हा विषय निघाला नाही. चहा मात्र निघाला.

ते गेल्यावर शेठनी दाराबाहेर उभ्या असलेल्या शकीलाला आत बोलावलं. ती वही छातीशी धरून उभी होती. ती उघडायची वेळ आली नाही.

"सोमवारपासून तू कायम," शेठ म्हणाले. "आणि टोकांची तपासणी तुझ्याकडे. तू सही केल्याशिवाय एकही केबल बाहेर जायची नाही." मग माझ्याकडे वळले. "वेण्या तुम्ही शिकवल्यात, सुनीताताई. त्या आठ मशीनच्या तुम्हीच सोडवायच्या आणि तुमच्याच हाताने नव्याने बांधायच्या. तपासणार ही."

मला वाटलं ते गंमत करतायत. त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तेव्हा कळलं की नाही करत.

सोमवारी मी सोल्डरगन हातात घेतली. अनेक वर्षांनी. माझा हात आकडे लिहायचा आहे, डाग फिरवायचा नाही. जाळी उलटवताना तारा बोटांत घुसतात, चकती तापते, आणि गोल फिरवताना शेवटची अर्धी बोटभर जागा राहून जाते, कारण तोपर्यंत पापणी मिटावीशी वाटते. पहिला तुकडा बांधून मी तिच्यापुढे ठेवला. तिने तो नळीत घातला, आकडा वाचला, आणि लाल पेनाने लेबलवर फुली मारली. दुसऱ्यावर मारली. तिसरा तिने नळीतही घातला नाही, भिंग लावून नुसता फिरवून बघितला आणि फुली मारली.

"ताई, इथं गळतंय," ती म्हणाली. "घाई केलीत."

चौथ्यालाही फुली मिळाली. पण ती फुली पहिल्या तिघींपेक्षा जरा लहान होती.